फुली वर

आजोबा होण्याआधी एकतीस वर्षं ते पिल्लांच्या कारखान्यात होते. कारखाना म्हणजे अंडी उबवण्याचं केंद्र. पण तिथले सगळे त्याला कारखानाच म्हणत, कारण कोंबडी नावाचा प्राणी तिथे औषधालाही दिसत नसे. एका दाराने अंडी आत जायची, एकविसाव्या दिवशी दुसऱ्या दाराने पिल्लं बाहेर यायची, आणि मधल्या वीस दिवसांची कोंबडी म्हणजे हे गृहस्थ.

कारखान्यात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे 'अर्धा अंश' म्हणत. मशीनचं दार कुणी जरा जास्त वेळ उघडं ठेवलं, की हे चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "अर्ध्या अंशाने काय होतं ते मला विचारा!" कुणी विचारत नसे. तरी ते सांगत.

घरीही तेच. चहाच्या कपाला बोटाचं टोक लावून ते आकडा सांगायचे. अंघोळीच्या पाण्यात कोपर बुडवून सांगायचे. बायको म्हणायची, "कपाळाला हात न लावता ताप ओळखणारा नवरा मिळाला मला. पण ऊठसूट ताप देणाराही तोच." तिच्याकडे त्यांची एक खास गोष्ट राखून ठेवलेली होती, आणि घरात नवं माणूस आलं की ती पहिल्या आठवड्यातच बाहेर निघे. मुलाच्या वेळेला तिला पाचवा महिना होता. दुपारी डोळा लागलेला. जाग आली तर खिडक्या बंद, खोलीत मिट्ट काळोख, आणि नवरा तिच्या पोटाला बॅटरी लावून वाकून बघतोय. कारखान्यात अंडं दिव्यासमोर धरलं की आतली लाल शिरांची जाळी दिसते आणि जीव धरलाय की नाही ते कळतं, म्हणून.

"दिसलं का काही?" तिने विचारलं.

"कवच जाड आहे," ते गंभीरपणे म्हणाले. पुढचे दोन दिवस त्यांना स्वतःचा चहा स्वतः करून घ्यावा लागला.

निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? माणसं घड्याळ मागतात. यांनी दोन नंबरच्या मशीनचा जुना थर्मामीटर मागून घेतला. लाकडी पट्टीवर बसवलेली हातभर लांबीची काचेची नळी, आणि तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या रेघा. तो त्यांनी घरी आणून बाहेरच्या खोलीत ठोकला. दोन महिन्यांनी त्याच भिंतीला लागून पाळणा आला. कठड्याचा, लाकडी, आणि त्यात नात.

नात आली ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाशी. घर तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. खिडकी पश्चिमेची. दुपारी भिंतीला पाठ टेकली तर पाठ भाजायची, आणि नळाला आपोआप गरम पाणी यायचं. नात दोन महिन्यांची झाली तेव्हा ऊन ऐन भरात होतं, आणि त्याच सुमाराला सूनबाईची आई लेकीच्या मदतीला आली.

विहीणबाई निवृत्त शिवणशिक्षिका. त्यांना सगळे 'बाई'च म्हणत, त्यांचा जावईसुद्धा. शिस्तीच्या, सरळ पाठीच्या, गळ्यात कायम टेप. नातवंडासाठी विणायला बसल्या तेव्हा थंडीचे दिवस होते, आणि थंडीत सुया हातात घेतल्या की थंडीचंच विणलं जातं. सात वारांच्या सात टोप्या, चार स्वेटर, मोज्यांचे सहा जोड आणि एक जाडजूड लोकरी पांघरूण. सगळं पिवळंधमक. लोकर उरली म्हणून व्याह्यांसाठीही कानटोपी, स्वेटर आणि मोजे.

"अगदी पिल्लाचा रंग निवडलात," अर्धा अंश कौतुकाने म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं ते पहिलं आणि पुढे बरेच दिवस शेवटचं.

कारण बाईंनी पहिल्याच दुपारी नातीच्या तळव्यांना हात लावला आणि किंचाळल्या, "बर्फ! पाय आहेत की बर्फ!" पाच मिनिटांत नात टोपी, स्वेटर, मोजे आणि पांघरूण अशा इतमामात पाळण्यात पडली.

"बाई, खोलीत चौतीस आहे," अर्धा अंश थर्मामीटरकडे बोट दाखवत म्हणाले.

"असेल. तिच्या पायांना ते माहीत नाही."

"पायांचं काय ऐकता? माझ्या दिव्याखालच्या पिल्लांचं ऐका. थंडी वाजली की सगळी एकमेकांना बिलगतात आणि कलकलाट करतात. गरम झालं की पांगतात, चोची उघडतात आणि गप्प होतात. थंडीत पिल्लू ओरडतं, बाई, उकाड्यात गप्प होतं. ओरडणाऱ्या पिल्लाची मला एकतीस वर्षांत कधी भीती वाटली नाही."

"अहो व्याही, आमची नात कोंबडी नाही!"

"दोनच महिन्यांची आहे," आतून बायको म्हणाली. "पुढचं कुणी बघितलंय?"

सगळे हसले. अर्धा अंशही हसले, कारण हसले नाहीत तर बायको बॅटरीची गोष्ट काढणार हे त्यांना ठाऊक होतं. पण मनातून त्यांना चैन पडेना. फार वर्षांपूर्वी एका दुपारी मशीनचा पंखा बंद पडला होता. कुणाला कळलं नव्हतं, कारण आवाज काहीच नव्हता. त्यांनी दार उघडलं तेव्हा ट्रेमधली पिल्लं जागच्या जागी नीट बसलेली होती. इतकी शहाण्यासारखी बसलेली पिल्लं त्यांनी आधी कधी बघितली नव्हती. त्या दिवसाची आठवण होती, म्हणून पाळणा शांत दिसला की ते जवळ जाऊन छाती हलतेय का ते बघायचे. हे ते कुणाला सांगत नसत. फक्त अर्ध्या अंशाचं सांगत, आणि लोक हसत.

एवढं शहाणपण असलेल्या माणसाने मग जे केलं ते कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

गुरुवारी सकाळी सूनबाई कपडे धुवायला बसली तर एका झबल्याच्या पोटावर पेन्सिलीची फुली. उलटं केलं तर पाठीवर गोल. दुसरं झबलं बघितलं, तिसरं बघितलं. सगळ्यांच्या पुढे फुली, मागे गोल.

"आई," ती सासूला म्हणाली, "आपल्याकडे कुणी फुली-गोळा खेळतंय का?"

अर्धा अंश पेपरामागे गेले. पेपर उलटा होता.

"अहो," बायकोने पेपर खाली ओढला. "बोला."

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "ऑटोमॅटिक मशीन यायच्या आधी आम्ही अंडी हाताने फिरवायचो. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. या तासाला फुली वर, पुढच्या तासाला गोल वर. म्हणजे चुकत नाही. तुम्ही सगळ्या कामात असता म्हणून दुपारच्या वेळेला मी जरा..."

"तुम्ही तिला फिरवता?" सूनबाईच्या हातातलं झबलं बादलीत पडलं.

"हळूच! झोप मोडत नाही. एकाच अंगावर पडून राहिला की जीव कवचाला चिकटतो."

सूनबाईने सासूकडे बघितलं, सासूने बाईंकडे.

"कवचाला," बाई म्हणाल्या.

मग मात्र तिघींना हसू आवरेना. सूनबाई तर ओल्या हातांनी तोंड झाकून भिंतीला टेकली. हे हसणं चालू असतानाच दारात नर्सबाई उभ्या राहिल्या. दर गुरुवारी त्या तान्ह्या बाळांची वजनं करायला मजले चढून यायच्या. त्यांना काय झालं ते सांगितलं, आणि त्या एकट्या हसल्या नाहीत.

"पालथी? झोपलेली असताना तिला पालथी करता तुम्ही?"

"एकच तास," अर्धा अंश म्हणाले.

"एक मिनिटही नाही. या वयाच्या बाळाला झोपवायचं ते उताणं. रात्री, दुपारी, दर वेळी. पालथं झोपलेलं बाळ नाक गादीत खुपसतं, त्याला मान वळवता येत नाही. काहीही आजार नसलेली बाळं झोपेतच जातात, आजोबा, आणि पालथी झोपलेली जास्त जातात. जागी असताना खेळवा पोटावर, तुम्ही समोर बसून. झोपेत नाही."

अर्धा अंशांचा चेहरा पडला. इतका, की नर्सबाईंनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी नातीला तागडीत घातलं. वजनासाठी लोकरीचा सगळा सरंजाम आधीच उतरवून पलंगावर ठेवलेला, म्हणून त्यांनी बघितलं ते उघडंवाघडं, हातपाय झाडणारं बाळ. "छान वाढतेय," म्हणून त्या गेल्या. अर्धा अंशांना त्यांना लोकरीचं विचारायचं होतं. पण ज्याची स्वतःचीच एवढी मोठी चूक निघाली, त्याने कोणत्या तोंडाने दुसऱ्याची काढायची?

त्याच दिवशी घरात निकाल लागला. आजोबांनी पाळण्यापासून पाच फूट लांब राहायचं. बाईंनी गळ्यातला टेप काढून अंतर मोजलं आणि कापडावर खुणा करायच्या खडूने फरशीवर रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे त्यांची खुर्ची.

"शाळेतही मी असंच करायची," त्या म्हणाल्या. "व्रात्य मुलांना."

पुढचे तीन दिवस अर्धा अंश रेघेबाहेर बसून होते. आपण बरोबर आहोत असं वाटणाऱ्या माणसाला भांडता येतं. पण त्यांना तेही वाटेना. फिरवण्याबद्दल तर तितकीच खात्री होती! मग उकाड्याचंही तसंच असेल तर? अंड्याचं शास्त्र वेगळं, माणसाचं वेगळं. बाईंनी एक लेक वाढवली होती, शेकडो पोरी शिकवल्या होत्या. आपण काय वाढवलं? ज्याला पिसं फुटतात ते.

सोमवारी एक वाजता वीज गेली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. गरम वारा नको म्हणून बाईंनी खिडकी लावून घेतली. माशा नकोत म्हणून पाळण्यावर चादर टाकली. नातीला सकाळपासून दोन शिंका आल्या होत्या, म्हणून सोमवारची टोपी, स्वेटर, मोजे आणि वर पांघरूण, सगळं जागच्या जागी. सूनबाई रात्रभराच्या जागरणाने आतल्या खोलीत झोपली होती. मुलगा बस चालवायला गेलेला.

अर्धा अंशांनी थर्मामीटर बघितला. साडेसदतीस. हा आकडा त्यांना झोपेतही ओळखू आला असता. दोन नंबरच्या मशीनमध्ये एकतीस वर्षं त्यांनी हाच आकडा राखला होता. आपली बाहेरची खोली आज बरोब्बर उबवणीला लागली होती. आत अंडं असतं तर अगदी काळजी नव्हती.

ते उठले, कपाटापाशी गेले आणि बाईंनी दिलेली कानटोपी, स्वेटर, मोजे असं सगळं चढवून खुर्चीत येऊन बसले. अंगावर शाल घेतली. पिवळ्या टोपीतून चष्मा आणि नाक तेवढं बाहेर.

बायको भाजी निवडत होती. तिने वर बघितलं. "हे काय नवीन सोंग?"

"सोंग नाही, तपासणी. तिने घातलंय तेच मी घालणार. तिला बोलता येत नाही, मला येतं. मला सोसवलं तर तिलाही सोसेल, मग मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही सोसवलं तर सांगेन."

"तुम्ही आणि गप्प बसणार!" बायको म्हणाली.

"बसू द्या," बाई सुया हातात घेत म्हणाल्या. "मापात झालंय का तेही बघता येईल. खांद्यात जरा सैल वाटतंय."

तपासणी सुरू झाली. अर्धा अंशांनी अहवाल चालू ठेवला. "पाच मिनिटं. कानामागे घाम. बाकी ठीक." बायको शेंगा मोडत होती. "दहा मिनिटं. छातीवरून धारा. मोज्यांत पाणी. पाय मात्र बाई, गार लागतायत. कमाल आहे, पाय खरंच गारच." बाई मानेनेच 'बघा' म्हणाल्या. "पंधरा मिनिटं. आता बरं वाटतंय. मघापेक्षा बरं."

मग अहवाल आला नाही.

घर कसं निवांत झालं. सुयांचा बारीक आवाज तेवढा. बाई समाधानाने म्हणाल्या, "बघा, विहीणबाई. नातही गप्प, आजोबाही गप्प. दोघांना कशी छान झोप लागलीय. उबेची झोप वेगळीच."

बायकोलाही आधी बरंच वाटलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि शांततेची तिला सवय नव्हती. तिने दोन शेंगा मोडल्या. तिसरी हातातच राहिली. हा माणूस झोपेतसुद्धा बोलतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि त्यांचंच वाक्य, हजार वेळा ऐकून कान किटलेलं वाक्य, तिच्या डोक्यात येऊन उभं राहिलं. थंडीत ओरडतं, उकाड्यात गप्प होतं.

शेंगांचं ताट लाथाडून ती खुर्चीपाशी पोचली. त्यांची मान छातीवर पडली होती. चेहरा विटेसारखा लाल.

"अहो! अहो, ऐकलं का!" तिने कानटोपी ओढून काढली. "बाई, इकडे या! हे बघा काय झालंय!"

बाईंनी धावत येऊन त्यांच्या मानेला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बायकोने माठातलं गडूभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. दुसरं ओतलं. अर्धा अंशांनी डोळे उघडले. आधी त्यांना बायको दिसली नाही, बाई दिसल्या नाहीत. त्यांनी ओल्या हाताने पाळण्याकडे बोट केलं.

"तिचं," ते म्हणाले. "तिचं काढा आधी."

बाईंनी चादर फेकली. मघाचाच हात नातीच्या मानेमागे घातला. चाळीस वर्षं ज्या बोटांनी पाव इंचाचा फरक टेपशिवाय ओळखला, त्या बोटांना हे माप ओळखायला क्षणही लागला नाही. तोच चटका. तीच ओल.

त्यांनी टोपी काढली. पांघरूण फेकलं. स्वेटरला पाच बटणं होती, त्यांनी स्वतः दुहेरी दोऱ्याने लावलेली, आणि त्या बटणं सोडत बसल्या नाहीत. पाचही टपाटप उडून खोलीभर झाली. आवाजाने सूनबाई धावत आली. नात लालबुंद, मऊ, हातपाय सोडून दिल्यासारखी. बाईंनी तिला उचललं, उभं धरलं, पाठीवर फुंकर मारली.

मग नातीचा खालचा ओठ बाहेर आला. भुवया जवळ आल्या. एक उसासा, आणि पाठोपाठ असं रडणं, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं हो?" असं ओरडून विचारलं.

अर्धा अंश खुर्चीत निथळत बसले होते. "ओरडली," ते म्हणाले. त्यांच्या गालांवरून जे वाहत होतं त्यातलं माठातलं किती, हे सांगणं अवघड होतं. "ओरडू दे. कुणी गप्प करू नका तिला."

सूनबाईने तिला जिन्याच्या तोंडाशी नेलं, तिथे जरा वारा होता. ओल्या फडक्याने अंग पुसलं, पाजायला घेतलं, आणि एका हाताने नर्सबाईंना फोन लावला. अर्ध्या तासात त्या जिना चढून आल्या. नातीला तपासलं. अंग आता निवलं होतं, ती चवीने दूध पीत होती. मग त्यांचं लक्ष एका पायात पिवळा मोजा घातलेल्या आजोबांकडे गेलं.

"या घरात मी बाळासाठी येते की तुमच्यासाठी?" म्हणून त्यांनी त्यांचाही रक्तदाब बघितला, दोन ग्लास पाणी प्यायला लावलं, आणि मग पलंगावर बसून सगळं ऐकून घेतलं. लोकर हातात घेऊन बघितली.

"सुंदर विणलंय," त्या बाईंना म्हणाल्या. "हिवाळ्यात स्वेटर घाला, खुशाल. पण घरात झोपताना टोपी नाही, कधीच नाही. बाळाची उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते, ती वाटच तुम्ही बुजवलीत. या दिवसांत एक पातळ सुती झबलं पुष्कळ झालं. पाळण्यावर चादर नाही, आत उशी नाही, पांघरूण नाही. वारा खेळू द्या. आणि पायांवरून ठरवू नका. बाळांचे हातपाय गारच असतात. मानेमागे नाहीतर छातीला हात लावून बघायचं."

"मला पाय गार लागत होते," अर्धा अंश म्हणाले. "बाकी सगळा भट्टीत होतो आणि पाय गार. आणि दुसरं सांगू? मी सांगणार होतो. त्यासाठीच बसलो होतो. पण सांगावंसंच वाटेना. आधी त्रास झाला, मग बरं वाटायला लागलं. छान गुंगी आली. मला कळलंच नाही, हो."

बाईंनी बराच वेळ वर बघितलं नव्हतं. आता बघितलं. "काय झालं असतं?" त्यांनी विचारलं. शाळेत कुणी त्यांचा तो आवाज ऐकला नसेल.

नर्सबाईंनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "कदाचित काहीच नाही. कदाचित झोपेतून उठलीच नसती. असं नेमकं का होतं ते सगळं अजून कुणाला उलगडलेलं नाही. पण जास्त गुंडाळलेल्या, तापलेल्या बाळांना धोका जास्त, एवढं माहीत आहे. आणि आवाज होत नाही, बाई. म्हणून तर आधी काळजी घ्यायची."

जाताना त्या दारात थांबल्या. "आजोबा, तुमचं निम्मं बरोबर होतं."

"अर्धं," बायको म्हणाली. "यांचं सगळं अर्ध्यातच असतं."

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. कुणी काही बोललं नव्हतं, त्यामुळे त्यांना भांडताही येईना. सकाळी अर्धा अंश उठून बाहेर आले तर खडूची रेघ गायब. फरशीच्या तेवढ्याच पट्ट्यावर ओल होती. बाई खिडकीपाशी बसून सोमवारची टोपी उसवत होत्या. मंगळवार ते रविवार उसवून झाले होते, आणि शेजारी लोकरीचा गुंडा फुटबॉलएवढा झाला होता.

"याचं काय करणार?" त्यांनी भीतभीत विचारलं.

"तुमच्या थर्मामीटरला टोपी," बाई म्हणाल्या. मग चेहरा तसाच ठेवून त्यांनी मांडीवरची झबल्यांची चळत पुढे सरकवली. "हे बघा. जमलंय का सांगा."

पातळ, पांढरी, सुती झबली. प्रत्येकाच्या छातीवर बारीक टाक्यांत लाल दोऱ्याची फुली घातलेली. अर्धा अंशांनी एक उलटं करून बघितलं. पाठ कोरी होती.

"गोल?" त्यांनी विचारलं.

"गोल नाही. फुली एकच," बाई म्हणाल्या. "झोपताना फुली वर. कुणीही येऊन बघितलं तरी लांबून दिसली पाहिजे. माझ्या लेकीला, तुमच्या मुलाला, मला. आणि दर तासाला कुणीतरी बघायला लागेल. ते काम घरात एकाच माणसाला जमेल, पण तो आजपर्यंत रेघेबाहेर होता."

त्या दिवशी दुपारी वीज पुन्हा गेली. खिडकी अर्धी उघडी होती, पडदा भिजवून टांगलेला. अर्धा अंश पाळण्याच्या कठड्याला खुर्ची चिकटवून बसले होते. त्यांनी नातीच्या मानेमागे दोन बोटं घातली, छाती वरखाली होताना बघितली, आणि गुडघ्यावरच्या वहीत लिहिलं.

"काय लिहिताय?" भाजी निवडता निवडता बायकोने विचारलं.

"दोन वाजता. मान कोरडी. फुली वर."

"आणि अर्धा अंश?"

"इथे आहे," ते म्हणाले.

नातीने झोपेतच तोंड वाकडं केलं आणि एक बारीकसा, रागीट आवाज काढला. बाईंच्या सुया थांबल्या. तिघांनी एकदम वर बघितलं, आणि मग तिघांनीही सुटल्यासारखा श्वास सोडला.